शिवा घाडीची तिसरी घंटा

भोईवाड्याच्या कोर्टात शिपायाने "शिवराम बाळा घाडी" असा पुकारा केला तेव्हा शिवा बाकावर माझ्या शेजारीच बसला होता, आणि उठला नाही. दुसऱ्यांदा पुकारा झाला. मी त्याला कोपराने ढोसलं. "शिवा, तुला बोलावतायत." तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा तो दचकून उभा राहिला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मला वाटलं दुसरा कोण आहे."

त्याचा दोष नव्हता. जन्मभर त्याने दुसऱ्यांना बोलावलं. आपलं नाव कुणी मोठ्याने घेईल ही सवयच त्याच्या कानांना नव्हती.

त्याच्यावर दोन आरोप होते. राहत्या इमारतीत घंटा वाजवून, आरडाओरडा करून शांततेचा भंग केला, हा पहिला. आणि पोलीस न्यायला आले तेव्हा झटापट करून सरकारी कामात अडथळा आणला, एका हवालदाराला जखमी केलं, हा दुसरा. आरोपीचं वय चौऱ्याहत्तर. घटनेचं ठिकाण, आरोपीच्या स्वतःच्या घराचं दार.

मी त्याला पन्नास वर्षं ओळखते. म्हणून हे मीच लिहायला हवं.

मी मूळची गिरगावातली. नाटकात कामं करायचे. त्या काळी लालबाग-परळच्या गिरणी कामगारांची नाट्यमंडळं जोरात होती. दिवसपाळी संपवून माणसं घरी जाऊन अंघोळ करायची आणि तालमीला यायची. त्यांच्या घरच्या बायका स्टेजवर उभ्या राहत नसत, म्हणून स्त्रीपात्रांसाठी आमच्यासारख्या नट्यांना बोलावत. मी सव्वीस वर्षांची असताना लालबागच्या एका मंडळात पहिल्यांदा गेले. चाळीच्या गच्चीवर तालीम होती. सगळे आपापली ओळख करून द्यायला पुढे आले. कुणी नायक, कुणी खलनायक, कुणी लेखक. पाण्याच्या टाकीला टेकून एक किडकिडीत मुलगा उभा होता, तो काही पुढे येईना. मीच विचारलं, "तुम्ही काय करता?"

"पडदा ओढतो," तो म्हणाला. मग कमी पडलं असं वाटून पुढे म्हणाला, "आणि घंटा देतो. तीन."

तो शिवा. गिरणीत घडी खात्यात, कापडाच्या घड्या घालायच्या कामावर होता. मंडळात त्याने कधी तोंडाला रंग लावला नाही. नारळ फोडायचा, विंगेत उदबत्ती लावायची, तीन घंटा द्यायच्या आणि दर्शनी पडद्याचा दोर धरून उभं राहायचं. घंटांचं त्याचं शास्त्र होतं. पहिली घंटा बाहेर चहा पिणाऱ्यांना, कप खाली ठेवा म्हणून. दुसरी दाराशी गप्पा मारणाऱ्यांना. तिसरी आम्हाला. "तिसरीनंतर वाट बघायची नाही, बाई. आले तेवढे आपले."

आम्ही नटमंडळी पडद्याच्या भोकाला डोळा लावून किती प्रेक्षक आलेत ते बघायचो. शिवाला ते आवडत नसे. भोकातून बघितलं की माणसं कमी दिसतात, असं त्याचं म्हणणं. तो डोळे मिटून नुसता कान द्यायचा. खुर्च्यांची खडखड, खोकणं, पोरांची किरकिर, बायकांच्या बांगड्या. मी विचारायची, "शिवा, किती?" तो सांगायचा, "साडेतीनशे. मागे अजून येतायत." आणि मॅनेजरकडून आकडा येई तो त्याच्या आसपासच असे. पुढे माझी सवयच झाली ती. कुठल्याही थिएटरात तिसऱ्या घंटेआधी मी मनातल्या मनात विचारायचे, शिवा, किती?

एका स्पर्धेत आमच्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात पडद्याची कप्पी तुटली. डावीकडचा अर्धा पडदा हळूहळू स्टेजवर सरकायला लागला. शिवाने तो स्वतःच्या अंगाभोवती गुंडाळून घेतला आणि विंगेच्या खांबाला पाठ लावून उभा राहिला. अंक चाळीस मिनिटांचा. मी स्टेजवर रडत होते, प्रेक्षक रडत होते, आणि माझ्यापासून चार हातांवर शिवा मखमलीत गुरफटून घामाने निथळत उभा होता. नाटक संपल्यावर त्याचा खांदा वर होईना. मी म्हटलं, "अरे, कुणाला तरी हाक मारायचीस."

"तिथून हाक मारली असती तर हाऊसमध्ये ऐकू गेली असती."

एकदा धरलं की सोडायचं नाही, असा तो माणूस. हे मी कोर्टात सांगायला तयार होते. कुणी विचारलं नाही.

ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणी गेली, मंडळही गेलं. पडदा, सेटची फळकुटं, घंटा असं सगळं भंगारात निघालं, तेव्हा शिवाने पितळी घंटा मागून घेतली आणि पडद्याचा दोन हात तुकडा कापून आणला. पुढे त्याला परळच्या एका इस्पितळात नोकरी लागली. बाहेरच्या पेशंटांची नावं पुकारायची. तिथे तो तेवीस वर्षं होता. मी एकदा डोळे दाखवायला गेले होते. बघितलं तर बाकांवर दोनशे माणसं, आणि शिवा दारात उभा राहून एकेक नाव असं घेत होता, जणू त्या माणसाची एंट्री आहे.

त्याची बायको कांता. वेंगुर्ल्याकडची, तोंडाने फटकळ, हाताने सढळ. लग्नानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं. तिने नवस केला की मूल झालं तर मुंबईच्या खोलीत गणपती बसवीन. शिवा म्हणाला, आपला गणपती गावच्या घरात आहे, भावकीचा, तोच आपला. ती म्हणाली, "तो भावकेचो. ह्यो माझो." मुलगा झाला, सुशांत. तेव्हापासून शिवाच्या खोलीत पाच दिवसांचा गणपती येऊ लागला. मखर शिवा स्वतः करायचा आणि त्याच्या पुढे तो मखमलीचा तुकडा दोरीवर लावायचा. आरतीच्या वेळी दोरी ओढली की पडदा सरकून गणपतीचं दर्शन. कांता कपाळावर हात मारून म्हणायची, "बाई, बघितलास? देवाकसुद्धा नाटकात घेतल्यान."

आणि आरतीला बोलावणं शिवाकडे. चाळीला तीन मजले, साठ खोल्या. घंटा घेऊन तो गॅलरीतून तीन फेऱ्या मारायचा. पहिल्या फेरीला बायका आतून ओरडायच्या, "शिवाभाऊ, पहिलीच ना? भाजी टाकलीय!" दुसरीला पोरांना शर्ट चढवले जात. तिसरीनंतर तो परत येई तोवर खोलीत पाय ठेवायला जागा नसे. मी दरवर्षी एक दिवस जायची. माणसं गॅलरीत उभी राहून, एकमेकांच्या खांद्यावरून बघत आरती म्हणायची.

चाळ पाडून तिथे बावीस मजल्यांची इमारत झाली. शिवाला तेराव्या मजल्यावर घर मिळालं. मजल्यावर आठ दारं. सुरुवातीला शिवाशिवाय त्यांतली आणखी चार चाळीतल्याच माणसांची होती. मग एकाने घर भाड्याने दिलं, एक मुलाकडे ठाण्याला गेला, एक गावी जाऊन राहिला. कांता तीन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या दिवसांत ती शिवाला दोनच गोष्टी सांगत होती. गणपती बंद करू नको. आणि त्याला एकटा ठेवू नको.

हे दुसरं नुसतं बोलणं नव्हे. ज्या घरात गणपती बसलाय त्या घराला कुलूप लावत नाहीत, आणि घर माणसाशिवाय ठेवत नाहीत. भरल्या घरात हा नियम कुणाला जाणवतसुद्धा नाही. एकट्या माणसाला तो पाच दिवस घरात बांधून घालतो. शिवा आधीच दूध, फुलं, भाजी आणून ठेवायचा आणि पाच दिवस उंबऱ्याबाहेर मजल्यापलीकडे जायचा नाही. सुशांत बंगळुरूला असतो. दरवर्षी येतो म्हणायचा, एखाद वर्षी यायचाही.

गेल्या वर्षीच्या भाद्रपदात सुशांत येणार नव्हता. मजल्यावरचं चौथं जुनं घर, तेही गावाला गेलेलं. शिवाच्या समोरच्या दारात ध्रुव आणि मनवा नावाचं तरुण जोडपं जूनमध्ये भाड्याने राहायला आलं होतं, त्यांचं बाळ सव्वा महिन्याचं. चतुर्थीला सकाळी शिवाने मजल्यावरच्या सातही दारांची बेल वाजवली. पाच मिनिटांनी परत. पाच मिनिटांनी परत. कुणी आलं नाही. संध्याकाळी पुन्हा तीन वेळा. तेव्हा ध्रुवने दार उघडून नीट सांगितलं, "काका, प्लीज, बेल नका वाजवू. बाळ झोपत नाहीये."

शिवा म्हणाला, "बरं बरं. सॉरी हां."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बेल वाजवली नाही. त्याने मंडळाची पितळी घंटा बाहेर काढली.

हे मला पुढे त्यानेच सांगितलं, अगदी सरळ मनाने. "बाई, त्या बेलचा आवाज वाईटच आहे. पोर दचकणारच. घंटेने कुठलं पोर रडत नाही." चाळीतलं पोर रडत नव्हतं, हे खरंच होतं. चाळीतल्या पोराच्या कानावर ती घंटा आईच्या पोटात असल्यापासून पडत होती.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसरीला ध्रुवचं दार उघडलं. शिवाला वाटलं, आला. त्याने आनंदाने त्याचा हात धरला. "चला चला, सुरूच करतोय."

"काका, हात सोडा."

"पाच मिनिटांचं काम. असेच या, कपड्यांचं काही नाही."

"अहो, हात सोडा! काय जबरदस्ती आहे?"

आतून बाळ रडत होतं. ध्रुवने हात हिसकला आणि दार लावायला गेला, तर शिवाचा पाय उंबऱ्यावर. तो पाय त्याने काढला नाही. उलट आवाज चढवला. "चाळीस वर्षं मी आरतीला बोलावतोय! न येणारा माणूस मी अजून बघितला नाही! तुम्हाला बोलावलं तर गुन्हा झाला?" तेराव्या मजल्याचा तो लांब, बंद पॅसेज. तिथे शिवाचा आवाज केवढा घुमला असेल, ते मला कळतं. मागच्या रांगेला ऐकू जावं असं बोलणाऱ्यांत तो वाढला होता.

ध्रुवने पोलिसांना फोन लावला.

दोघे जण आले. त्यांतला एक हवालदार दीपक राणे, चाळिशीचा, गणपतीच्या बंदोबस्ताने डोळे तांबारलेला. तक्रार लिहून घेतली आणि शिवाच्या दारात आला. शिवा पिवळं पीतांबर नेसून, गळ्यात उपरणं घालून गणपतीसमोर बसला होता. आरती झालीच नव्हती अजून.

"काका, चौकीवर चला. जबाब द्या, समज देऊन सोडतो."

"येतो. बुधवारी विसर्जन झालं की येतो."

"बुधवारी नाही, आत्ता."

"घरात माणूस नाही."

"मग? आम्ही आहोत ना माणसं. चला."

शिवाने त्याच्या छातीवरचं नाव वाचलं. "राणे? मालवणचो मां तू? मग तुका तरी कळूक व्हया. देव घरात बसलोसा. तेका एकटो टाकून येव कसो?"

राण्याने टोपी काढून घाम पुसला. "काका, माझ्या घरी पण गणपती बसलाय. कणकवलीला. मी बघितलाय का अजून? रजा कॅन्सल. तुमचा तरी तुमच्या डोळ्यांसमोर आहे. आता मालवणी नको, चपला घाला."

शिवा उठला आणि सेफ्टी डोअरची जाळी दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. राण्याने त्याची बोटं सोडवायला हात घातला. शिवाने दार आपल्याकडे ओढलं. राण्याचं बोट चौकटीत सापडलं, नखाखालून रक्त आलं, आणि मग समज देऊन सोडण्याची गोष्ट संपली. दोघांनी मिळून शिवाला उचललं. तो अनवाणीच होता. जाताना त्याने दार लावू दिलं नाही. "कडी नको! कडी लावू नका!" एवढंच ओरडत तो लिफ्टमध्ये गेला.

चौकीत त्याला विचारलं, कुणाला कळवायचंय? त्याने मुलाचं नाव घेतलं नाही. बंगळुरूहून येईपर्यंत समईतलं तेल संपलं असतं. त्याने माझा नंबर सांगितला. राण्यानेच स्वतःच्या फोनवरून लावून दिला, बोटाला रुमाल गुंडाळून.

"बाई," शिवा म्हणाला, "घरात माणूस नाही. तुम्ही येऊन बसाल?"

त्याला काय झालं, कुठे आहे, हे त्याने सांगितलंच नाही. मी विचारल्यावर म्हणाला, "ते नंतर. आधी निघा." बाकीचं, समोरच्यांनी तक्रार केली तेही, फोन परत घेताना राण्याने थोडक्यात सांगितलं.

मी दादरला राहते, एकटीच. गुडघ्यांची रडकथा आहे. त्या रविवारी लालबागकडे टॅक्सीवाला यायला तयार होईना. परळच्या पुलापाशी उतरून, काठी टेकत, रांगांमधून वाट काढत गेले. तेराव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर पॅसेजमध्ये चिटपाखरू नाही. सात दारं बंद, आठवं सताड उघडं. चपला बाहेर, एकाच माणसाच्या.

आत समई जळत होती. पाच वाट्यांत पंचखाद्य भरून ठेवलं होतं. आणि मखमलीचा पडदा बंद होता. तिसरी घंटा झाली होती, पण पडदा उघडायचा राहून गेला होता. मी दोरीला हात लावला नाही. ते काम माझं नव्हे. वातीला तेल घातलं आणि बंद पडद्यासमोर भिंतीला टेकून बसले.

अकरापासून चारपर्यंत बसले. मी आयुष्यात खूप रिकामी थिएटरं बघितली आहेत. प्रयोगाआधीचं रिकामं थिएटर वाईट नसतं, त्याला लोक येणार असल्याचा वास असतो. शिवाच्या घरात तो वास नव्हता. भिंतीवर कांताचा फोटो, टीव्हीवर रुमाल, खिडकीतून खालच्या ढोलांचा आवाज, तोही इतक्या वरून दुसऱ्याच गावातला वाटावा असा. माझ्या लक्षात आलं, की पाच दिवस हा माणूस असा बसतो. आणि बाकीचे तीनशेसाठसुद्धा असाच बसत असणार, फक्त तेव्हा त्याला बसायला कारण नसतं.

दोनच्या सुमाराला समोरचं दार उघडलं. मनवा, खांद्यावर बाळ. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "आजी, काका कधी येतील?"

"ज्यांना बोलावलंत त्यांना विचारा," मी म्हटलं.

दार लागलं. मला माझीच लाज वाटली. सव्वा महिन्याचं बाळ घेऊन जागणाऱ्या मुलीला असं बोलायला नको होतं. तिच्याही घरात दुसरं बाईमाणूस दिसत नव्हतं.

चार वाजता शिवा आला. पायांना डांबर, पीतांबर चुरगळलेलं. हातपाय धुतले, पडद्यासमोर उभा राहिला, आणि घंटा न वाजवता दोरी ओढली. आम्ही दोघांनी सकाळची आरती संध्याकाळी चारला म्हटली. कडव्यांच्या मध्ये तो थांबायचा. मला कळेना का. मग उमगलं, साठ खोल्यांचा गजर मागून येऊन पोचायला जेवढा वेळ लागायचा तेवढा तो थांबत होता.

सुशांतचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. शिवाने फोन स्पीकरवर ठेवला होता, त्याला नीट ऐकू येत नाही आता. "बाबा, केस? या वयात? बंद करा ना हे. आईच्या फोटोला हार घाला, बस झालं."

"तुझ्यासाठीच आणला होता," शिवा म्हणाला.

मग "बाबा, कॉल येतोय, नंतर बोलतो."

केसचं काम श्रेया नावाच्या वकील मुलीने बघितलं. तिचे आजोबा आमच्या मंडळात खलनायक करायचे. फेब्रुवारीत तारीख लागली, त्याच्या आठवडाभर आधी ती शिवाच्या घरी आली. मीही होते.

"आजोबा, गुन्हा कबूल करा. पहिलाच गुन्हा, वय बघून साहेब सोडतील. मात्र लेखी हमी द्यावी लागेल, की पुन्हा कुणाच्या दारावर जाऊन बोलावणार नाही, घंटा वाजवणार नाही."

"बोटाचं कबूल," शिवा म्हणाला. "ते माझ्याकडून झालं. त्या पोराच्या दारात पाय घातला, तेही चुकलं. पण बोलावणार नाही असं कसं लिहून देऊ? बोलावल्याशिवाय माणूस येतो कधी?"

"बोलावल्यावर तरी आलं का कुणी?" श्रेया म्हणाली.

शिवा घंटेचा दांडा पुसत बसला. मग विचारलं, "नाही लिहिलं तर?"

"केस चालेल. दोन वर्षं, तीन वर्षं. तारखा पडत राहतील. भाद्रपदातसुद्धा पडतील. तुम्ही गेला नाहीत तर वॉरंट."

"म्हणजे परत न्यायला येतील. गणपतीत."

"येऊ शकतात."

तेवढ्यावर त्याने सही केली. हमीपत्रातलं बाकी काही वाचलंसुद्धा नाही.

कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, कबूल आहे का? शिवा म्हणाला, "आहे." समजतंय ना काय कबूल करताय? "समजतंय." साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि कोर्ट उठेपर्यंत कोर्टातच बसून राहायची शिक्षा दिली. मला वाटलं, एवढीच? शिवाला विचारलं तर म्हणाला, "बसायचंच ना? ते जमतं मला."

बाहेर व्हरांड्यात राणे भेटला. बोट दाखवून म्हणाला, "काका, नख गेलं."

"नवीन आलं?"

"येतंय, वाकडं."

"माझ्या हातून झालं बाबा ते. गावी जाऊन आलास?"

"शिमग्याला जाणार आता," राणे म्हणाला, आणि दोघं उगाच हसले.

ध्रुवही साक्षीसाठी आला होता. तो कोपऱ्यात फोनमध्ये बघत उभा. शिवा त्याच्याकडे जायला निघाला आणि थांबला. हमीपत्र नुकतंच कोर्टात दिलं होतं. न जाणो, हेही बोलावणंच धरलं तर. शेवटी ध्रुवच जवळ आला. "काका, मला केस वगैरे नको होती. त्या दिवशी मी तीन रात्री झोपलो नव्हतो. मला वाटलं ते तुम्हाला समजावतील फक्त."

"बाळ झोपतं आता?"

"झोपतं."

"मग झालं तर," शिवा म्हणाला.

आम्ही पाच वाजेपर्यंत बसलो. मला घरी जा म्हणाला, मी गेले नाही. मागच्या बाकावर दोघं, पंख्याखाली. शिपाई पुकारे करत होता. शिवा कान देऊन ऐकत होता. "बघा बाई, कोर्टपण तीनदा पुकारतं," तो कुजबुजला. आणि थोड्या वेळाने, "पण हा भिंतीकडे तोंड करून पुकारतो. माणूस येणार कसा?"

यंदाच्या भाद्रपदात मी चतुर्थीला सकाळीच गेले, पाच दिवस राहायच्या तयारीने, पिशवीत औषधं आणि दोन लुगडी घेऊन. शिवाने आतल्या खोलीत गादी घातली. गणपती बसला होता. मखर नेहमीचं, मखमल आणखी विटलेली. सेफ्टी डोअर त्याने उघडून दोरीने कडेला बांधून टाकलं होतं, म्हणजे वाऱ्यानेही लागायला नको. पाच वाट्या भरल्या होत्या. घंटा कपाटावर, उलटी ठेवलेली.

दहा वाजले. तो मखराशेजारी दोरी हातात धरून उभा राहिला आणि उघड्या दाराकडे बघत राहिला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. घंटा नाही, हाक नाही. तिसरीनंतर वाट न बघणारा माणूस पहिलीच नसताना वाट बघत होता. मला ते बघवेना.

मी काठी घेऊन उठले. "बाई, कुठे?"

"हमी तू दिलीयस," मी म्हटलं. "मी नाही."

पॅसेजच्या मधोमध उभी राहिले. कुणाच्या दाराला हात लावला नाही. पाठ ताठ केली, पोटात श्वास भरला, आणि म्हटलं, "आरतीला चला."

सत्त्याहत्तराव्या वर्षी आवाज जसा निघतो तसा निघाला. तिसऱ्या दारापाशीच विरला. कुठे काही हाललं नाही. मी मागे वळले तर शिवा उंबऱ्याच्या आत उभा. बाहेर पाऊल टाकलं नव्हतं त्याने. डोळे मिटलेले.

"आवाज पडला, बाई," तो म्हणाला. "पोचला नाही मागे. परत."

मी परत हाक दिली. या वेळी लिफ्टपर्यंत गेली. आतून कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, बाकी काही नाही.

"ही दुसरी," शिवा म्हणाला. "शेवटची राहिली."

तिसरी हाक मी अशी मारली की माझ्याच छातीत कळ आली. मग काठी टेकत आत आले. तो परत मखराशी दोरी धरून उभा होता, मी त्याच्याशेजारी उभी राहिले. बाहेर पॅसेजमध्ये कुणाच्या तरी दाराची कडी वाजली. ती काढल्याची की लावल्याची, मला ओळखता आलं नाही. मागे वळून बघावंसं वाटलं. बघितलं नाही.

"शिवा," मी विचारलं, "किती?"

त्याने मान कलती करून कान दिला. खाली ढोल वाजत होते, समईची वात तडतडली. तो बराच वेळ ऐकत राहिला.

"एक आहे, बाई," तो म्हणाला, आणि दोरी ओढली.